उसाच्या बेटावर जेवायचं कुठे?

पुणे–सोलापूर रस्त्याने चौफुला मागे टाकलं की पाटसच्या अलीकडे वरवंड लागतं. दौंड तालुक्याचा हा पट्टा उसाचा. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, वरवंडचा इंग्रजी अमदानीतला व्हिक्टोरिया तलाव, पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना आणि तालुकाभरची गुऱ्हाळं यांच्या जोरावर इथलं वर्ष उसाभोवती फिरतं. हंगाम लागला की बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात आणि शिवारात कोप्या उभ्या राहतात. बाई पहाटेच्या अंधारात चूल पेटवते, भाकरी थापून फडक्यात बांधते आणि नवरा-बायको फडावर जातात. गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेले कामगार असतात. त्यांच्या चुलीवर डाळ, भात आणि रोट्या. गावातल्या घरांचा स्वयंपाक आणखी निराळा. पीक एक, पण त्याच्या भोवती तीन मुलखांचं जेवण शिजतं.

मॉरिशसला निघालेल्या माणसाला हे चित्र ठाऊक असेल, तर तिथे कुठे जेवायचं याचं निम्मं उत्तर त्याला इथेच मिळालेलं असतं.

आता बागायती गावांमधूनही लग्नानंतर मॉरिशसला जाणारी जोडपी असतात. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. निळं पाणी, पांढरी वाळू, सुरूची झाडं हे सगळं फोटोत आधीच पाहिलेलं असतं. घरच्यांचा प्रश्न मात्र ठरलेला: तिथे खाणार काय? आणि या प्रश्नाच्या धास्तीने बहुतेक जण तिन्ही वेळचं जेवण हॉटेलच्याच पॅकेजात बांधून घेतात. समुद्रकाठच्या त्या हॉटेलात आठवड्यातून एकदा ‘भारतीय रात्र’ असते. पनीर, नान, बटर चिकन मांडलेलं असतं. जेवण वाईट नसतं. पण त्या पदार्थांचा मॉरिशसच्या भूतकाळाशी काडीचा संबंध नाही. बेटाचं खरं जेवण हॉटेलच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, काचेच्या पेटीत ठेवलेलं असतं. ते तिथवर कसं पोचलं, ही जवळजवळ दोनशे वर्षांची हकिगत आहे.

या बेटाला मूळचे रहिवासी नाहीत. डच १५९८ साली उतरले, त्यांनी नासाऊच्या मॉरिस या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं आणि १६३८ पासून वस्ती केली. १६३९ मध्ये त्यांनी जावाहून ऊस आणला, हरणंही आणली; आज तिथल्या खानावळींत हरणाच्या मटणाचा रस्सा मिळतो तो त्याच कळपांच्या वंशाचा. १७१० मध्ये डच निघून गेले. मग फ्रेंच आले. १७३५ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या ला बुर्दोने याने बंदर उभारलं, साखरेला चालना दिली आणि मादागास्कर, मोझांबिकहून धरून आणलेल्या गुलामांची पोटं भरण्यासाठी कसावा लावायला लावला. म्हणजे या बेटावर पहिल्यापासूनच राबणाऱ्याने काय खायचं हे मालक ठरवत आला.

१८१० साली बेट इंग्रजांकडे गेलं. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकी खाली आली आणि जंगल तोडून ऊस लागत गेला. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस तर वाढत होता. तोडायला माणूस हवा होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला पोचलं होतंच. त्यात छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले ३६ मजूर होते. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बंदरावर उतरले. जिथे त्यांची नोंद व्हायची त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आजही आहेत. युनेस्कोने २००६ साली ते ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. २ नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

या कराराच्या अटी वाचताना दौंड-बारामतीकडच्या वाचकाला फार समजावून सांगावं लागणार नाही. मजूर गोळा करणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा सरदार होता. तो आपल्याकडच्या मुकादमाचा भाऊबंद. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायचा नियम होता. आपल्याकडे ऊसतोडीत खाडा पडला की दंड बसतो, तशीच ही तऱ्हा. मळ्याच्या हद्दीत ‘कां’ म्हणजे कामगारांची वस्ती असे. शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल किंवा तूप, चिंच, कधी खारवलेली मासळी. भाजी आपली आपण लावायची.

आलेल्यांमध्ये बिहार आणि त्याला लागून असलेल्या भोजपुरी मुलखातले लोक सर्वांत जास्त. त्यांच्या गावी डाळ भरलेली पुरी हा सणाचा पदार्थ होता. मॉरिशसमध्ये ती रोजची झाली, आणि पुढे सगळ्या बेटाची झाली. आज क्रेओल, चिनी, मुसलमान, तमिळ, मराठी, गोरे असे सगळे डाळपुरी खातात. स्थानिक उच्चार ‘दोलपुरी’च्या जवळचा. कुणी परदेशाहून घरी परतला की आधी डाळपुरीच्या गाडीवर जातो, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.

ती कशी करतात हे पाहण्यासारखं आहे, कारण पुरणपोळी येणाऱ्या कुणालाही त्यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवतात. बोटांत दाबली तर फुटावी, पण गाळ होऊ नये, इतपतच. मग ती निथळून घेतात. आपल्याकडे पुरणाचं हे पाणी, कट, आमटीला जातं. तिथे त्या पाण्यात मैदा भिजवतात, म्हणून पारीलाही डाळीची चव आणि पिवळसर रंग येतो. निथळलेली डाळ कोरडी वाटतात, अगदी भुसभुशीत, आणि तिच्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतात. गूळ नाही, वेलदोडा नाही. मैद्याच्या गोळ्यात हे सारण भरून पातळ लाटायचं आणि तेलाचा हात फिरवून तव्यावर भाजायचं. नावात पुरी असली तरी ती तळत नाहीत. चांगली डाळपुरी हातावर टाकली तर लोंबते, फाटत नाही, आणि सारण कडेपर्यंत पोचलेलं असतं. विकताना नेहमी जोडी देतात. वर डबल बीचा रस्सा, टोमॅटोचा ‘रुगाय’, कोथिंबिरीची चटणी, हवा असेल तर मिरचीचा ठेचा, गुंडाळून कागदात. उभ्याने, एका हाताने खायची. शाकाहारी माणसाने डोळे मिटून घ्यावी.

मैदा का? तांदूळ हे तर शिध्यातलं मुख्य धान्य. याचं एक उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. बेटाचा तांदूळ ब्रह्मदेशाहून यायचा. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो थांबला. रेशनिंग आलं. सरकारने साखर मळ्यांना उसाची काही जमीन मोडून मका, कसावा, रताळी लावायला भाग पाडलं. उसाशिवाय काही न पिकवणारं बेट उपाशी कसं पडू शकतं हे त्या पिढीने पाहिलं. भाताच्या ताटात तेव्हापासून पिठाच्या पदार्थांना अधिक जागा मिळाली. स्वातंत्र्यानंतरही सरकारने तांदूळ आणि मैदा स्वतः आयात करून सवलतीत विकायचं धोरण ठेवलं, पावाची किंमतही बांधून दिली. रस्त्यावरचं खाणं मॉरिशसमध्ये अजून स्वस्त आहे त्यामागे या धोरणाचा हात मोठा आहे.

पण पदार्थ घरात असणं वेगळं आणि रस्त्यावर येणं वेगळं. इथे त्या बेटाच्या इतिहासातलं सर्वांत कडू पान येतं.

पाच वर्षांचा करार संपला की काही मजुरांनी मळा सोडून स्वतःचं काही करायला सुरुवात केली. कुणी भाजीचा मळा केला, कुणी डोक्यावर टोपली घेऊन फेरी धरली. मळेवाल्यांना हे नको होतं. मोकळा झालेला माणूस पुन्हा करारात यावा असं त्यांना वाटे. १८६७ मध्ये कायदा झाला. करार संपलेल्या प्रत्येक ‘जुन्या’ मजुराने स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगायचं. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर पोलिसांचा परवाना घ्यायचा. कागद नसेल तर भटक्या ठरवून अटक. फेरीवाल्याचा धंदाच मुळी चालण्याचा, आणि नेमकं चालणंच गुन्हा ठरवलेलं. अॅडोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये या लोकांच्या वतीने राणीकडे अर्ज पाठवला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या-अंगठे होते. अर्ज केल्याबद्दल त्याला इतर मळेवाल्यांनी छळलं. पण १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि हळूहळू जाच कमी झाला.

म्हणून रोझ हिलच्या किंवा पोर्ट लुईच्या रस्त्यावर पेटी मांडून बसलेल्या विक्रेत्याकडे नुसतं स्वस्त खाणं विकणारा म्हणून पाहू नये. ज्याला रस्त्यावर उभं राहायचाच हक्क नाकारला होता, त्याने तो मिळवला, आणि त्याच जागी आज सगळं बेट रांग लावतं. रोझ हिलमधलं ‘देवा अँड सन्स’ हे डाळपुरीचं दुकान बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मंत्री असो की बसचा वाहक, रांग एकच.

साखरेचे भाव पडल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठ्या मळ्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या. त्या भारतीयांनी घेतल्या. त्यातून छोटा ऊसवाला आणि भाजीवाला उभा राहिला, आणि त्या भाजीवर आठवडे बाजार. माहेबूरचा सोमवारचा बाजार, फ्लाकचा बाजार, काट्र बोर्नचा बाजार हे पाहण्यासाठी तरी सकाळी लवकर उठावं. दोडका, दुधी, कारली, शेवगा, कढीपत्ता: दौंडच्या बाजारातून उचलून आणल्यासारखा माल. बाजाराच्या तोंडाशीच ‘गातो पिमा’ तळत असतात. भिजवलेली वाटाण्याची डाळ जाडसर वाटून, हिरवी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर घालून केलेले छोटे गोल वडे. लोणी लावलेल्या पावात भरून सकाळी न्याहारीला खातात. पाव फ्रेंचांचा, वडा दक्षिणेकडचा; मुंबईच्या वडापावाच्या कितीतरी आधीपासून ही जोडी तिथे जमलेली आहे. पोर्ट लुईच्या मुख्य बाजारात आलुदा प्यायचा: दूध, सब्जा, चायनाग्रासच्या कांड्या. आपल्या फालुद्याचाच तो भाऊ.

मळ्यावरच्या ‘कां’च्या तोंडाशी चिन्याचं दुकान असे. तांदूळ, तेल, डाळ, खारी मासळी, रम, सगळं तिथे मिळायचं आणि उधारीवर मिळायचं. दुकानदार वहीत लिहून ठेवी, ‘कुप’ म्हणजे उसाची तोड संपली की हिशेब. मॉरिशसमध्ये तोड जून ते डिसेंबर चालते. उरलेले महिने, म्हणजे ‘आँत्रकुप’, हात आखडते. त्या महिन्यांत चिन्याच्या वहीने किती चुली पेटत्या ठेवल्या याची आठवण जुन्या पिढीत आदराने काढली जाते. पोर्ट लुईच्या चायनाटाउनमध्ये परतलेल्या नूडल्स आणि वाफवलेले ‘बुलेत’ खाताना हे शेजार लक्षात ठेवावं. मुसलमान व्यापारी कच्छ, सुरतेकडून आले. त्यांची बिर्याणी आजही देगेतूनच वाढतात, आणि ती खायला हिंदू, ख्रिस्ती, चिनी सगळे जातात.

यात मराठी माणूस कुठे आहे?

मुंबई बंदरातून गेलेले मजूर एकूण संख्येच्या दहा टक्क्यांच्या आतच होते. त्यांतले पुष्कळसे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच धरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोकणातल्या गरीब कुणब्यापुढे दोन बेटं होती. एक जवळचं, मुंबई; तिथे १८५६ च्या सुमारास पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढे गिरणगाव वाढत गेलं. दुसरं हिंदी महासागरातलं, मॉरिशस. दोन्हीकडे दमट हवा, दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे भोंग्यावर बांधलेलं आयुष्य. पण जेवणाची व्यवस्था अगदी निराळी झाली, आणि त्याचा परिणाम आजवर दिसतो.

मुंबईत गडी एकटा आला. बायको-मुलं गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला गाववाल्या बाईच्या खानावळीत जायचे. महिन्याचा हिशेब, भाकरी, आमटी, सुकट, रविवारी मटण. गिरणगावातल्या या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. १९८२ चा संप झाला, गिरण्या संपल्या, पण मालवणी-कोकणी जेवणाची सार्वजनिक जागा मुंबईत तोवर पक्की झाली होती. त्या खानावळींमधूनच पुढची मालवणी हॉटेलं निघाली.

मॉरिशसमध्ये कुटुंबं गेली किंवा तिथेच उभी राहिली. शिधा मळ्यातून, स्वयंपाक घरात. खानावळीची गरजच पडली नाही. शिवाय मराठी लोक थोडे आणि विखुरलेले. म्हणून बेटावर डाळपुरीसारखी मराठी पदार्थाची गाडी दिसत नाही. मराठी चव घरात आणि देवळात राहिली. पश्चिमेचा ब्लॅक रिव्हरचा कोरडा भाग आणि मधला प्लेन विल्हेम्स हे मराठी वस्तीचे जिल्हे. कास्कावेल इथे विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. ऑंरिएता गावी १८९६ साली एका मराठी कुटुंबाने बेटावरचा पहिला गणपती बसवला असं मानतात. आज गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. मूर्ती वाजतगाजत समुद्रावर किंवा नदीवर नेतात, झाकरी गातात. ही झाकरी म्हणजे कोकणातली जाखडी. घरात क्रेओल बोलणारी पोरं तिचे शब्द पाठ करून म्हणतात. मराठी मंडळी फेडरेशन १९६० मध्ये स्थापन झालं, शाळांतून मराठी शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पुढचं शिक्षण मिळतं. जागतिक मराठी परिषदही १९९१ साली तिथे भरली होती.

तेव्हा मराठी प्रवाशाला मराठी जेवण हवंच असेल तर भाद्रपदात जावं आणि एखाद्या देवळात दर्शनाला थांबावं. मोदक हातावर येईल. त्याहून मोठी गोष्ट ही, की पाच-सहा पिढ्यांपूर्वी मुंबईच्या धक्क्यावरून गेलेल्या माणसांचे वंशज समोर बसलेले असतील. पंचतारांकित हॉटेलच्या कुठल्याही टेबलावर ही भेट होत नाही.

लग्नसराईत गेलं तर आणखी एक थाळी पाहायला मिळते: केळीच्या पानावरच्या सात भाज्या. तमिळ देवळांतही आणि भोजपुरी लग्नांतही हे पान वाढतात. भोपळा, कच्चा फणस, कच्ची केळी, पालेभाजी, टोमॅटोचं रुगाय, वाटाणे-घेवड्याचा रस्सा, लोणचं आणि सोबत पुऱ्या. भोजपुरी लग्नाच्या आधी बायका गाणी म्हणत विधी करतात त्या ‘गीत-गवई’ला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. स्वयंपाकघराची ही गाणी आहेत. पातेली, चमचे वाजवत म्हटलेली.

समुद्रकाठी जेवणाबद्दल एक गोष्ट पुष्कळ प्रवाशांच्या ध्यानात येत नाही. मॉरिशसमध्ये किनाऱ्यालगतची ८१ मीटरहून थोडी अधिक रुंदीची पट्टी सरकारी मालकीची आहे. फ्रेंचांच्या लष्करी गरजेतून आलेला हा नियम पुढेही टिकला. हॉटेलं त्या पट्टीवर भाडेपट्ट्याने उभी आहेत, आणि जिथे हॉटेल नाही तिथले बरेच किनारे सार्वजनिक आहेत. फ्लिक आँ फ्लाक, माँ श्वाझी, बेल मार, ब्लू बे अशा ठिकाणी रविवारी स्थानिक कुटुंबं टेम्पोतून पातेली घेऊन येतात. सुरूच्या सावलीत सतरंजी टाकतात, बिर्याणी उघडतात, दुपारनंतर डफासारखं रावान वाजतं आणि सेगा सुरू होतो. सेगा हे गुलामांचं नाचगाणं. कडेला गाडीवर अननस सोलून, चिंच-मीठ-मिरची लावून देतात. जेवायची हीच जागा. समुद्र तोच आहे. हॉटेलच्या कुंपणामागे मात्र बेटावरची माणसं नसतात.

मॉरिशसला एकटं पाहिलं तर ही गोष्ट अपुरी राहते. जिथे जिथे उसासाठी भारतीय मजूर नेले तिथे तिथे त्यांचं जेवणही पोचलं. त्रिनिदादला ‘फतेल रझाक’ जहाज ३० मे १८४५ रोजी पोचलं. तिथे ‘दालपुरी’ मांसाच्या रश्श्याला गुंडाळून खातात. नाताळात, म्हणजे आजच्या दरबानकडे, १८६० पासून. तिथे भारतीयांनी पाव कोरून त्यात रस्सा भरला आणि ‘बनी चाऊ’ झाला. फिजीत १८७९ पासून. डचांच्या सुरीनाममध्ये १८७३ पासून. कॅरिबियनचा समुद्र, दक्षिण पॅसिफिक, हिंदी महासागर: पर्यटनाच्या जाहिरातींत जी बेटं सुट्टीसाठी म्हणून दाखवतात, त्यांतली कितीतरी उसाची बेटं होती, आणि तिथलं चांगलं जेवण शोधायचं तर उसाच्या फडाचा माग काढावा लागतो.

मॉरिशसमध्ये तो माग आता पुसट होतो आहे. १८५८ साली बेटावर २५९ साखर कारखाने होते, आज तीन. बो प्लां इथल्या बंद पडलेल्या कारखान्यात २००२ पासून साखरेचं संग्रहालय आहे. कापडाचे कारखाने आले, मग पर्यटन. २०१८ मध्ये सुमारे १४ लाख पर्यटक आले, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. उसाच्या जागी व्हिला आणि गोल्फ मैदानं झाली. गातो पिमा आणि डाळपुरी आता हॉटेलांच्या न्याहारीतही छोट्या आकारात मांडतात. त्या चवीला तोड नाही असं म्हणणं कठीण आहे. डाळपुरी तव्यावरून उतरून दोन मिनिटांत खाल्ली तरच ती डाळपुरी. गाड्यांवर ती दुपारपर्यंत संपते, त्यामुळे सकाळी दहा ते बारा ही वेळ धरावी.

मजूर मात्र अजून येतातच. मॉरिशसच्या कापड कारखान्यांत, बांधकामांवर आणि बेकऱ्यांमध्ये आज बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून करारावर आलेली माणसं काम करतात. रोजच्या न्याहारीचा बांधलेल्या किमतीतला पाव भाजणाऱ्या हातांमध्ये बांगलादेशी हात पुष्कळ आहेत. करार ठराविक वर्षांचा, राहणं सामायिक खोल्यांत, आणि रात्री पाळी संपल्यावर त्यांच्या पातेल्यात डाळ-भात शिजतो.